आंदणाची म्हैस

पिंपळगाव राजा,
दि. १८ नोव्हेंबर १९६८

चि. चांगुणास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मी काल दुपारी सुखरूप घरी पोचलो. येताना एस. टी. मिळाली, म्हणून तीन दिवसांची वाट अर्ध्या दिवसात सरली. जाताना मात्र चंद्रीने माझा चांगलाच अंत पाहिला होता. घाईत ते तुला सांगायचं राहिलं. नांदुऱ्याच्या पुढे पूर्णेच्या पाण्यात ती जी बसली ती उठेचना. मी काठावरून ओरडतो आहे आणि ती डोळे मिटून रवंथ करते आहे. एक म्हातारा तिथे बैल धूत होता. तो म्हणाला, "काऊन तरास देतं बे तिले? तू बी बस." मग मीही बसलो आणि भाकर सोडली. माझी भाकर संपल्यावर ती आपणहून उठली.

तुझ्या लग्नात आंदण देता आलं नाही, हे माझ्या मनात दोन वर्षं सलत होतं. मुलीच्या मागे दुभतं जनावर गेलं की तिच्या पेल्यातलं दूध कोणाच्या उपकाराचं राहत नाही. तेव्हा दावणीला एकच म्हैस होती आणि तीही आटलेली. चंद्रीला मी रेडकू असल्यापासून वाढवली आहे. पहिलारू आहे, गरीब आहे, लाथ मारत नाही.

तुला पाहून मात्र मी दारातच थबकलो. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, भर दुपारी अंगावर शाल! शंकरराव म्हणाले, गळ्यातल्या गाठीचा आजार आहे आणि अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली आहे. अशा गोळ्या उष्ण असतात. ती दुधासोबत घे. सकाळी मोठा पेला, सांजेला मोठा पेला. आई जाताना काय म्हणाली होती ते तुला ठाऊक आहे. "चांगुणीले दुधाबिगर ठेवजो नको." मी तिला शब्द दिला आहे आणि तो तुला पिऊन पाळायचा आहे.

तू मास्तरीण, म्हणून हे पत्र शुद्ध लिहिलं आहे. चौथीपर्यंतच्या शिक्षणात गुरुजींनी एवढंच नीट शिकवलं. चुका सापडल्या तर लाल शाईच्या खुणा करून परत पाठवू नकोस.

तुझा दादा,
कचरू


सोनाळा, ता. जळगाव जामोद,
दि. ५ डिसेंबर १९६८

तीर्थरूप दादास,
चांगुणाचा सविनय जयभीम.

पत्रात दोनच चुका होत्या. कुठे ते सांगत नाही.

चंद्रीने पहिले चार दिवस पान्हा चोरला. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी बोलत बसायच्या. "दे वं माय, दे. माही सून बी तुयासारखीच हाये, ढकलल्याबिगर हालत नाही." मी आतून ऐकत होते. पाचव्या दिवशी तिने बादली भरून दिली. आता ती सासूबाईंशिवाय कोणाला हात लावू देत नाही. हे मास्तर असूनही घाबरून लांब उभे राहतात.

आजाराचं तू विचारलं नाहीस, नुसतं औषध सांगून गेलास. तरी लिहिते. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिच्या रसावर अंगाची ऊब, केस, आवाज, झोप, सगळं चालतं. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक राखण असते. माझ्या शरीरातल्या राखणीची चूक झाली आहे. ती या ग्रंथीलाच परकी समजून तिला पोखरते आहे. हे थांबवता येत नाही, पण ग्रंथीचा रस गोळीतून देता येतो. गोळी अंगी लागली की माणूस पूर्ववत होतं. माझ्या अंगी ती लागत नाहीये. दोनदा वाढवून दिली, तरी नाडी मंदच आहे. असंच चाललं तर हृदय थकत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी यांना बाजूला घेऊन सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. हे अजून माझ्यापुढे हसतात आणि मीही हसते.

शाळेत परवा फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता डोळा लागला. खडू पडल्याच्या आवाजाने जाग आली. तिसरीची मुलं इतकी गुणाची की कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक मात्र एकदा बोलले.

तू सांगितल्याप्रमाणे गोळी दुधासोबतच घेते. एक सांगू का? दूध घेतल्यावर पोट फार गुरगुरतं, कळ येते. दादा, मला दूध पचत नाही असं वाटतं.

वहिनीस नमस्कार.

तुझी,
चांगुणा


पिंपळगाव राजा,
दि. २० डिसेंबर १९६८

चि. चांगुणास, आशीर्वाद.

पत्र वाचून काळजी वाटली. शेवटची ओळ वाचून मात्र हसू आलं. "मला दूध पचत नाही!" हे वाक्य तू कोणाला लिहून पाठवते आहेस? अगं, या वाक्याचा मालक मी आहे.

तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल. आई पाटलाच्या गोठ्यात शेण काढायला जायची. पोळ्याला आणि दिवाळीला तिला तांब्याभर दूध मिळायचं. आपल्या भांड्याला त्यांचं भांडं लागू नये म्हणून ते वरून धार धरायचे आणि त्यात निम्मं खाली सांडायचं. उरलेलं आई दोन वाट्यांत करायची, एक तुझी आणि एक माझी. मी म्हणायचो, "माय, तू बी पे ना." ती म्हणायची, "मले दूध पचत नाही रे बाप्पा." मी ते खरं मानायचो. अकरा वर्षांचा झालो तेव्हा अक्कल आली. त्या पोळ्याला मी वाटी तुझ्यापुढे सरकवली आणि आईचंच वाक्य म्हटलं. पोट धरून लोळूनही दाखवलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. तू दोन्ही वाट्या प्यालीस आणि तुला ओठावर पांढरी मिशी आली.

तेव्हा आपल्या घरात हे वाक्य ज्याने म्हटलं त्याने कोणासाठी तरी दूध ठेवलं, असा त्याचा अर्थ. पुढे कापसाच्या जिनात हमाली करून मी पहिली म्हैस घेतली, तेव्हाही आई सवयीने तेच म्हणत राहिली. मी तिचं काही ऐकलं नाही. शेवटच्या वर्षी तर रोज तिच्या बाजेवर बसून, पेला रिकामा होईपर्यंत मी हललो नाही. तुझंही ऐकणार नाही. तू कोणासाठी दूध राखते आहेस? नवऱ्यासाठी की सासूसाठी? चंद्री सगळ्यांना पुरेल इतकं देते. तू आधी पी.

पोटासाठी दुधात सुंठ टाकत जा. सोबत बांधून पाठवली आहे.

कचरू


सोनाळा,
दि. २ फेब्रुवारी १९६९

ती. दादास जयभीम.

सुंठ मिळाली. उत्तराला उशीर झाला, मुलांच्या वह्या तपासत होते. प्रकृतीला उतार आहे. गोळी नियमाने घेते. चंद्रीच्या दुधाचा एक थेंबही वाया जात नाही, याची तू खात्री बाळग.

तुझ्या मिरचीचं कसं आहे? वहिनीचा गुडघा कसा आहे?

घाईत लिहिते आहे, राग मानू नकोस.

चांगुणा


पिंपळगाव राजा,
दि. १७ मार्च १९६९

रा. रा. शंकरराव यांस,
कचरूचा जयभीम.

हे पत्र मी तुम्हाला लिहितो आहे, चांगुणाला नाही, कारण ती मला खरं सांगायची नाही.

मी गेल्या बुधवारी सोनाळ्याला येऊन गेलो. जळगावच्या बाजारात मिरची लवकर उठली, म्हणून बहिणीला पाहून जावं असं मनात आलं. शाळेवरून आलो. खिडकीतून ती उभी दिसली. नोव्हेंबरात निदान अंगावर मांस होतं. आता गालफडं दिसतात, बांगड्या कोपरापर्यंत चढतात. वर्गात मुलं होती म्हणून हाक मारली नाही आणि तुमच्या घराकडे आलो. फाटकापाशी असताना आतून एक बाई माझ्या चंद्रीच्या दुधाची भरली बादली घेऊन बाहेर पडली. मी विचारलं, कुठे नेता? ती म्हणाली, "आमच्या घरी. रोजचंच हाये. मास्तराची माय देते." बाईने नाव गोजरबाई सांगितलं. मी तिथूनच मागे फिरलो. तुमच्या घरचं पाणी मला गिळवलं नसतं.

शंकरराव, मी ते जनावर तीन दिवस पायी आणलं. ते माझ्या बहिणीच्या तोंडासाठी आणलं होतं, गावभर धर्म करायला नाही. डॉक्टरने हृदयाची भीती घातलेली पोर तुमच्या घरात वाळत चालली आहे आणि दूध शेजारी जातं आहे. तुम्ही शिकलेले, याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बैलगाडी घेऊन येतो. चांगुणाला आणि चंद्रीला दोघींना घेऊन जाईन. चांगुणा पुरती बरी झाल्यावर पुढचं पाहू. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगण्याची इच्छा आज होत नाही.

कचरू


सोनाळा,
दि. २२ मार्च १९६९

ती. दादास,

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाले, "तुझ्या भावाचं चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर दगड मारला असता." मग ते शाळेत गेले. दादा, फाटकापर्यंत येऊन माझा भाऊ पाण्याविना परत गेला, याचं मला फार रडू आलं. चूक माझी आहे. आता सगळं लिहिते. गाडी जुंपण्याआधी वाच.

तुझं सुंठीचं पत्र आल्यावर मी दूध सोडलं नाही. सकाळ-संध्याकाळ भरला पेला घेत होते, वर सुंठ. एके दिवशी शाळेला निघाले आणि फाटकावरूनच परत फिरून टमरेल घेऊन पळाले. परत आले तर सासूबाई वाटेत उभ्या. म्हणाल्या, "सूनबाई, दूध पेल्यावर तू टमरेल घेऊन काऊन पयतं? आठ दिस झाले, मी पाहून राह्यलो." मी म्हटलं, आजारामुळे होतं असेल. तर म्हणाल्या, "आजार गयात हाये का पोटात?"

मी इतकी शिकलेली, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी मला दूध दिलंच नाही. तीन दिवस पोट शांत. चौथ्या दिवशी मुद्दाम अर्धा पेला दिला आणि माझ्यावर लक्ष ठेवून बसल्या. तासाभरात टमरेल. मग त्या स्वतः माझ्यासोबत अकोल्याला आल्या आणि डॉक्टरीणबाईंना सगळं न लाजता सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझे जुने कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, दुधात एक साखर असते. लहानपणी ती सगळ्यांना पचते, मोठेपणी कित्येकांना पचत नाही, त्यांचं आतडं दुधाने बिघडतं. हा थायरॉईडचा आजार असलेल्या आणखी दोघी-तिघींमध्ये त्यांनी हे पाहिलं आहे. आतडं असं बिघडलेलं असलं की गोळी पोटात जाते खरी, पण अंगी लागत नाही. त्यांनी हेही सांगितलं, "पुस्तकात मला हे असं जोडून लिहिलेलं सापडलं नाही, माझा अंदाज आहे. दूध पूर्ण बंद करा, गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्या, महिन्याने या." आंबट ताक थोडं चालेल म्हणाल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी दूध घेतलेलं नाही. दादा, महिन्याने माझे हात ऊन लागले. मी ते गालांना लावून पाहिले आणि यांच्याही गालांना लावले. फेब्रुवारीत शाल ट्रंकेत गेली. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज आला!" नाडी सुधारली आहे. तू मला वाळलेली पाहिलीस ती सूज उतरलेली चांगुणा होती. लग्नाचा फोटो काढून त्यातल्या बांगड्या बघ, तेव्हाही त्या कोपरापर्यंतच जायच्या. आणि मी उभी राहून शिकवत होते, हे तुझ्या ध्यानात आलं का? डिसेंबरात मला खुर्ची सोडवत नव्हती.

गोजरबाई आमच्याच आळीतल्या. त्यांना जुळं झालं आणि अंगावर दूध नाही. वरच्या आळीत आपल्या घरचं दूध अजून कोणी घेत नाही, हे मी तुला काय सांगू! म्हणून सासूबाईंनी त्या दोन लेकरांना ते लावलं. मुली आता चांगल्या बाळसं धरू लागल्या आहेत.

तुला का सांगितलं नाही, तर तू मानलं नसतंस. डिसेंबरात सांगून पाहिलं होतं, तू हसलास. तीन दिवस चालवत आणलेल्या आंदणाला मी नको कशी म्हणणार होते?

गाडी आणू नकोस. नुसता ये.

तुझी,
चांगुणा


(कार्ड)

सोनाळा,
दि. २८ एप्रिल १९६९

ती. दादास,

महिना उलटला, तुझं उत्तर नाही. पहिल्या रविवारी तू गाडी घेऊनही आला नाहीस आणि गाडीशिवायही आला नाहीस. यांना जळगावच्या बाजारात तुमच्या गावचे भगवंतराव भेटले. ते म्हणाले, "कचरू कोनाशी बोलत नाही. म्हशी इकून टाकतो म्हनते." हे काय ऐकते आहे मी? माझ्यावरचा राग म्हशींवर का? चार ओळी तरी लिही. यांच्या मनात काहीही नाही आणि सासूबाईंच्या तर मुळीच नाही.

चांगुणा


पिंपळगाव राजा,
दि. ६ मे १९६९

चि. चांगुणास,

राग नाही. तुझ्यावर नाही, शंकररावांवर नाही. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं असं पत्र मी लिहिलं. ते माझे धाकटे मेहुणे असले तरी ठेवीन. तुझ्या सासूबाई नसत्या तर तू आज कुठे असतीस या विचाराने अंगावर काटा येतो.

मी लिहिलं नाही, कारण तुझं पत्र मी रोज वाचतो आणि रोज एकाच जागी अडतो. सुजलेलं तोंड. घोगरा आवाज. भर उन्हात शाल. खुर्ची सोडवेना. दूध घेतलं की टमरेल.

चांगुणे, ही आई आहे.

नोव्हेंबरात तुला दारात पाहिलं तेव्हाच मला काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं. मी ते बाजूला सारलं. आई शेवटच्या वर्षी अशीच झाली होती. चैत्रात गोधडी मागायची. भुवयांचे केस गेले होते. बोलली तर गडी बोलल्यासारखं वाटायचं. आपण म्हटलं, कष्टाने थकली, वय झालं. वय तरी काय होतं तिचं? पन्नाशीही नव्हती.

आणि मी तिला दूध पाजत होतो. जन्मभर तिच्या वाटीत दूध आलं नव्हतं, ते मी एका वर्षात भरून काढायला निघालो होतो. ती तोंड फिरवायची. म्हणायची, "कचरू, मले दूध पचत नाही रे. ताक दे घोटभर." मी हसायचो. म्हणायचो, "बुढे, आता लबाड बोलाची गरज नाही. आता घरची म्हैस हाये. ताक पेयाचे दिवस गेले." शेजारीपाजारी म्हणायचे, असा लेक सगळ्यांना मिळो. मला ते ऐकायला आवडायचं.

ती खरं बोलत होती. माझी वाटी खोटी होती म्हणून मी तिचीही खोटी धरली. कदाचित पोळ्याच्या तांब्याच्या दिवसांतही ती खरंच बोलत असेल, कोण सांगेल?

तू डॉक्टरीणबाईंना माझं एक विचार. लाजू नकोस आणि माझी समजूत घालायला उत्तर बदलू नकोस. मी आईला मारलं का?

कचरू


सोनाळा,
दि. २० मे १९६९

प्रिय दादा,

काल अकोल्याला जाऊन आले. तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं, पण तुझाच प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारायचा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुधाने माणूस मरत नाही. पोट बिघडतं, कळ येते, हाल होतात. आईला तोच आजार होता की नाही, हे न पाहता सांगता यायचं नाही. लक्षणं जुळतात एवढंच. असला तर तिला हवी होती ती गोळी. ती गोळी तेव्हा आपल्या गावात कोणी ऐकलीही नव्हती. "तुमच्या भावाने पाण्याचा पेला दिला असता तरी त्या वाचल्या नसत्या," असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण त्यांचं पोट दुखलं असेल. ते मी नाही म्हणणार नाही."

मी उत्तर बदललेलं नाही.

आता माझं ऐक. मी तुला मार्चमध्ये सगळं सांगितलं असं लिहिलं, ते खरं नव्हतं. आंदणाचं कारण पुढे केलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा दुधाचं बोलल्या, त्याच क्षणी मला आईची बाज दिसली. म्हणून मी फेब्रुवारीत ते चोरट्यासारखं पत्र लिहिलं. तू इथवर पोचू नयेस म्हणून मी दारं लावत बसले आणि तू तरी पोचलासच.

आणि अजून एक आहे. ते आईने कोणाला सांगू नको म्हटलं होतं. आज तिचा शब्द मोडते.

तिच्या शेवटच्या दिवाळीला मी बुलडाण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून सुट्टीला आले होते. तू वावरात गेलास आणि ती पोट धरून कुशीवर वळली. मी म्हटलं, माय, दुखतं तर पितेस कशाला? त्याची पाठ वळली की मोरीत ओत. ती म्हणाली, "पाठ वयतच नाही त्याची. पेला भरला हाये तवर तो बाजीवर बसते. मले वावरातलं सांगते, मिरचीचं सांगते, लहानपनचं सांगते. पेला रिकामा झाला का उठून चालला. म्हनून मी हयूहयू पेतो." मी म्हटलं, मी दादाला सांगते, तो नुसताही बसेल. ती म्हणाली, "सांगजो नको. कामाचा मानूस हाये तो, नुसता बसाले त्याले जमत नाही. पोट घंटाभर दुखते न थांबते."

दादा, ती रोज एक पेला दूध पीत नव्हती. ती तुला रोज अर्धा तास बसवून घेत होती. तिच्या मनाविरुद्ध तू काही केलं नाहीस. तिने तुला फसवलं आणि मी गप्प बसून तिला मदत केली. पाप म्हणायचंच असेल तर ते तिघांत वाटून घेऊ.

म्हशी विकू नकोस. त्यांनी काय केलं आहे?

सुट्टी लागली आहे, मी घरीच असते.

तुझी,
चांगुणा


पिंपळगाव राजा,
दि. २५ मे १९६९

चांगुणे,

पत्र वावरात मिळालं. बांधावर बसून वाचलं. तुझी वहिनी भाकर घेऊन आली, मला रडताना पाहून तीही शेजारी बसली. मग तिलाच सगळं वाचून दाखवलं.

म्हशी विकत नाही. परवा पहिल्यांदा घरी ताक केलं आणि दोन पेले काढून ठेवले. एक मी प्यालो. दुसरा कोणासाठी काढला ते माझं मलाच कळलं नाही, तो तुझी वहिनी प्याली.

आज शुद्ध लिहाचं जमत नाही. लाल शाई काढून ठेव.

मी रविवारी येऊन राह्यलो, पयल्या गाडीनं. शंकररावच्या अन तुया सासूच्या पाया पडतो आधी. चंद्री तिथंच राहू दे, ते गोजरबाईच्या लेकीयची हाये आता. हातात काई आनत नाही. लोनी नाही, गूय नाही, सुंठ तर नाहीच नाही. मले कोरा चहा ठेवजो.

त्या बुढीपाशी मी पेला रिकामा होयेलोकच बसलो. तिले पाह्यजे होतं ते मले एका शब्दानं सांगलं असतं तर पेला फेकून बसलो असतो. आता तिले सांगता येत नाही. तुले सांगतो.

तू काई पेऊ नको. मी नुसताच बसतो.

दादा